वाचकांचे प्रश्न : घरचा एचडी व्हिडिओ एडिट केला की क्लॅरिटी का जाते?

यावेळी आलेली बहुतेक पत्रं घरच्या व्हिडिओंची आहेत. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय म्हणून नाशिककरांनी २०१५ ची शूटिंगं कपाटातून बाहेर काढलेली दिसतायत, शिवाय लग्नं, गॅदरिंग, बारशी आहेतच. सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच, की कॅमेऱ्यात छान दिसत होतं आणि एडिट करून काढलं की चित्र मळकं झालं. म्हणून ही पत्रं एकत्रच घेतलीत. पहिल्या उत्तरात जरा खोलात गेलेय, ते नीट वाचा, कारण पुढचं बरंचसं त्याच्यावरच उभं आहे.

प्रश्न : ताई, २०१५ च्या सिंहस्थात आमच्या भावाने रामकुंडावर हँडीकॅमने फुल एचडी शूटिंग केलं होतं. तेव्हा मी ते कापून तासाभराचं केलं, नंतर त्याच फाईलला टायटल आणि भजनं लावली, मग टीव्हीवर चालेना म्हणून कन्व्हर्टरमधून काढलं. आता बघतो तर साधूंचे चेहरे गुळगुळीत दिसतात, दाढीचे केस सुटे दिसत नाहीत, आणि कुंडातलं पाणी तर नुसतं चौकोन चौकोन. पण फाईल अजून १९२० बाय १०८० च दाखवते! मग क्लॅरिटी गेली कुठे?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : दादा, १९२० बाय १०८० हा नुसता चौकटीचा आकार झाला, त्या चौकटीत किती माहिती शिल्लक आहे ते त्यावरून कळत नाही, ते कळतं बिटरेटवरून, म्हणजे सेकंदाला किती माहिती लिहिलीय त्यावरून, आणि फाईल आतापर्यंत किती वेळा कंप्रेस झालीय, म्हणजे दाबून लहान केलीय, त्यावरून. तुमचं फुटेज चार वेळा कंप्रेस झालंय. पहिल्यांदा कॅमेऱ्यातच, मग कापताना, मग टायटल लावताना आणि शेवटी कन्व्हर्टरमध्ये. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरने आधीचं चित्र पूर्ण उघडलं, नव्याने दाबलं आणि दाबताना डोळ्याला फारसं जाणवणार नाही असं त्याला जे जे वाटलं ते फेकून दिलं. फेकलेलं परत येत नाही, आणि पुढच्या वेळी तर आधीच्या वेळेला झालेली खराबी हीच खरी बारीकी आहे असं समजून ते तिच्यावरही बिट खर्च करतं.

कॅमेराच मुळात किती दाबतो ते एकदा आकड्यात बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजारांच्या वर पिक्सेल. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या आणि काहीच दाबलं नाही तर सेकंदाला साधारण ६२० मेगाबिट होतात, आणि ह्यात रंगाची माहिती आधीच कमी करून धरलीय, म्हणजे उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा पण रंग मात्र चार पिक्सेलला मिळून एकच. आणि तुमचा एव्हीसीएचडी नावाच्या पद्धतीने रेकॉर्ड करणारा हँडीकॅम लिहितो किती, तर १७ नाहीतर २४ मेगाबिट. म्हणजे १७ च्या सेटिंगला कॅमेऱ्याने कार्डावर लिहितानाच छत्तीसपट दाबलंय! तरी ते छान दिसतं, कारण ते काम हुशारीने केलेलं असतं. पण त्यात आता आणखी दाबायला जागा उरलेली नसते, हे लक्षात ठेवा.

हुशारी अशी, की पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाने एकदाच साठवतात, त्याला की-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय कुठे सरकलं एवढंच लिहितात. मागची देवळं, पायऱ्या, दगडी भिंत हलत नाही त्यामुळे ती जवळजवळ फुकटात जाते. पाण्याचं तसं नसतं. रामकुंडात माणसं उड्या मारतायत, पाणी उडतंय, लाटांवर ऊन चमकतंय, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रत्येक तुकडा नवा, मागचा सरकवून पुढे वापरता येत नाही. तिथे बिट कमी पडतात आणि मग चौकोन दिसायला लागतात. सोमेश्वरच्या धबधब्याचं पावसाळ्यातलं शूटिंग, रंगपंचमीला रहाडीतलं उसळणारं रंगीत पाणी, लग्नातल्या अक्षता, धुकं, वाऱ्यावर हलणारी पानं, ह्या सगळ्यांचं असंच होतं. तुमच्या फाईलमध्ये भिंत बरी दिसत असेल आणि पाणी फुटलेलं असेल, ते ह्याच्यामुळे. दाढीचंही हेच, बारीक आणि सतत हलणारं जे काही असतं त्याचा बळी आधी जातो.

आता करायचं काय. भावाकडे मूळ कार्ड किंवा त्याची कॉपी आहे का ते आधी शोधा, शेवटची फाईल दुरुस्त करत बसू नका. कॅमेऱ्याने लिहिलेल्या मूळ एमटीएस फाईल मिळाल्या तर सगळं काम एकाच प्रोजेक्टमध्ये करा, कापणं, टायटल, भजनं, रंग, आवाज, सगळं, आणि मग एकदाच एक्स्पोर्ट. नंतर टायटलमध्ये चूक सापडली तर एक्स्पोर्ट केलेली फाईल परत आत घेऊ नका, प्रोजेक्ट उघडा, चूक दुरुस्त करा आणि मूळ क्लिपवरून पुन्हा एक्स्पोर्ट मारा. त्यासाठी प्रोजेक्टची फाईल आणि मूळ क्लिप एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवायच्या, एवढी शिस्त लावून घ्या. कार्ड गेलं असेल तर पहिली कापलेली फाईल, टायटल लावायच्या आधीची, ती शोधा, निदान दाबण्याच्या दोन पिढ्या वाचतील.

एक्स्पोर्टला बिटरेट किती ठेवायचा हे पुष्कळ जण विचारतात. मूळ १७ चं आहे म्हणून एक्स्पोर्टही १७ ला, असं करू नका, घरात जपून ठेवायच्या मास्टर फाईलला मूळच्या साधारण दुप्पट द्या. म्हणजे एच.२६४ ह्या नेहमीच्या कंप्रेशनच्या पद्धतीत सेकंदाला ३० ते ४० मेगाबिट, तासाला साडेतेरा ते अठरा जीबी. जागा लागते, मान्य, पण हार्ड डिस्क विकत मिळते आणि २०१५ ची पर्वणी मिळत नाही. हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिटरेटऐवजी क्वालिटीचा आकडा असतो, आरएफ म्हणतात, तो जितका लहान तितकं चित्र चांगलं. मास्टरला १६ ते १८ ठेवा, पाहुण्यांना वाटायच्या कॉपीला २० ते २२ पुरे. आणि वाटायची छोटी कॉपी नेहमी मास्टरवरून काढायची, आधीच्या छोट्या कॉपीवरून नाही.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगचं सलग शूटिंग आहे. कार्डातल्या फाईल कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एकापुढे एक लावल्या, तर साधारण दर पंधरा-सोळा मिनिटांनी नाचात झटका बसतो आणि गाण्याचा एखादा शब्द गिळला जातो. कॅमेरा खराब आहे का?
– एक पालक, नाशिकरोड

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. कार्डाची पद्धत फॅट३२ असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, म्हणून कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे २ किंवा ४ जीबीचे तुकडे करत जातो. १७ मेगाबिटला २ जीबी म्हणजे बरोब्बर तुमची पंधरा-सोळा मिनिटं. हे तुकडे मुळात एकच सलग धार असतात, मधेच कापलेली, आणि एकेक वेगळी क्लिप म्हणून टाइमलाइनवर ठेवली की जोडावरचा थोडासा आवाज आणि एकदोन फ्रेम हरवतात.

त्यासाठी कार्डावरून नुसत्या एमटीएस फाईल उचलायच्या नाहीत, वरचं एव्हीसीएचडी नावाचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं, कारण कुठला तुकडा कुठल्याला जोडायचा ते त्यातल्या बाकीच्या बारक्या फाईलींमध्ये लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने इम्पोर्ट केलं की ते तुकडे आपोआप आणि काही न दाबता सांधतं. सॉफ्टवेअर हरवलं असेल तर विंडोजच्या कमांडमधली कॉपी बायनरी मोडमध्ये वापरून फाईली क्रमाने जोडा, त्यातही चित्राला धक्का लागत नाही. पण जोडायला कन्व्हर्टर वापरू नका, तो सगळं पुन्हा दाबेल.

प्रश्न : ताई, भाचीच्या लग्नात घरच्या सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर शूट केलंय आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंय. मला त्याचा एकच व्हिडिओ करायचाय. पण काही क्लिप अगदी धुरकट आहेत, एका आयफोनवाल्याच्या क्लिपमध्ये हळद इतकी भडक की डोळ्यात जाते, आणि एका क्लिपमध्ये मंगलाष्टकं पुढे आणि भटजींचे ओठ मागे! मी कॉलेज रोडला राहते, कुणी एडिटर सुचवलात तरी चालेल.
– एक मावशी

उत्तर : मावशी, एडिटर नंतर शोधा, आधी क्लिप परत मागवा. ग्रुपवर टाकताना व्हॉट्सअॅप प्रत्येक व्हिडिओ बारीक करतं, एचडीचं बटण दाबून पाठवला तरी तो मूळ नसतोच, फक्त जरा कमी बारीक केलेला असतो. अशा क्लिपवर कितीही महागाचा एडिटर बसवला तरी त्याच्या हातात काही नाही. सगळ्यांना सांगा, की तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवा, त्यात २ जीबीपर्यंतची फाईल न बदलता जाते. किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. जे नाशकातच आहेत त्यांच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन चक्कर मारा, ते सगळ्यात बरं. गूगल फोटोजवरून घेणार असाल तर त्यांच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल क्वालिटी होतं का ते विचारा, स्टोरेज सेव्हर असेल तर तिथेही व्हिडिओ दाबलेला असतो. आयफोन वायरने विंडोजला जोडणार असाल तर फोनच्या फोटोजच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरवर पाठवण्याचा पर्याय असतो, तो ऑटोमॅटिकवरून कीप ओरिजिनल्सवर करून घ्या.

हळदीचं कारण वेगळं. नव्या आयफोनमध्ये, १२ पासून पुढच्या, व्हिडिओ एचडीआरमध्ये शूट होतो, त्यात उजेडाचा पल्ला साध्या व्हिडिओपेक्षा मोठा असतो. तो तुमच्या साध्या टाइमलाइनवर तसाच टाकला की त्याचे आकडे चुकीचे वाचले जातात, मग कधी सगळं फिकं पडतं, कधी पिवळा आणि पांढरा रंग फाटतो. हळद लावलेल्या गालावर जिथे उन्हाची तिरीप पडलीय तिथे नीट बघा, कातडीचा पोत जाऊन एकसलग पिवळा डाग दिसत असेल. हा बहुतेक वेळा परत येतो, कारण मूळ फाईलमध्ये ती माहिती आहे, फक्त त्या क्लिपचं एचडीआरमधून साध्या रंगात नीट रूपांतर करायला हवं. दा विंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कलर मॅनेजमेंटमधून होतं ते. नुसता ब्राइटनेस खाली ओढू नका, त्याने हळद राखाडी होईल. पुढच्या कार्यक्रमाला सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करून ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

आणि भटजींचे ओठ. मोबाईल बऱ्याचदा एकसारख्या वेगाने फ्रेम घेत नाही, अंधार झाला किंवा फोन तापला की कमीजास्त करतो, आवाज मात्र एकसारखा चालू राहतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर फ्रेम रेट एकसारखाच आहे असं धरून चालतात, म्हणून क्लिप जसजशी लांबते तसा फरक वाढत जातो. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल उघडली की फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल असं दिसतं. अशा क्लिपच तेवढ्या, सगळ्या नाही, आधी एकसारख्या फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. शॉटकट ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अशी क्लिप टाकली की ते स्वतःच एडिटिंगला सोपी करून देऊ का असं विचारतं, तिथे सगळ्यात वरची क्वालिटी निवडा. ही एक जास्तीची पिढी झाली खरी, म्हणूनच तिथे फाईल मोठी होऊ द्यायची.

टाइमलाइन कितीची ठेवायची, तर ज्या फ्रेम रेटच्या क्लिप जास्त असतील त्याची. मोबाईलच्या बहुतेक क्लिप ३० च्या असतील तर ३० ची. २५ च्या टाइमलाइनवर ३० ची क्लिप टाकली तर दर सहातली एक फ्रेम गळते, आणि मांडवातून कॅमेरा फिरवलेला असेल तिथे ते अडखळणं लगेच दिसतं.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, ४के क्लिप टाकली की अडकत अडकत चालते. म्हणून मी सगळं फुटेज आधी ७२० मध्ये कन्व्हर्ट करून मग एडिट करतो. हे बरोबर आहे ना?
– सिडकोतून एक कॉलेज विद्यार्थी

उत्तर : नाही रे बाबा! हलक्या फाईलवर काम करायचं हा विचार बरोबर आहे, पण शेवटचा व्हिडिओ त्या हलक्या फाईलमधून निघता कामा नये. ह्यासाठीच प्रॉक्सी नावाची सोय असते, रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट, सगळ्यात फुकट आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक छोटी नक्कल करतं, तू त्या नकलेवर कापाकापी करतोस, आणि एक्स्पोर्टच्या वेळी ते गुपचूप मूळ ४के फाईलकडे जातं. फक्त काही सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या पानावर प्रॉक्सी वापरा असा एक टिकबॉक्स असतो, तो बंद आहे ना तेवढं दर वेळी बघ, कारण चुकून चालू राहिला तर निघणारा व्हिडिओ ४के नावाचा आणि ७२० च्या चित्राचा असतो.

दुसरा रस्ता म्हणजे मूळ फाईल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर ह्या एडिटिंगसाठीच्या पद्धतींमध्ये काढून घ्यायची. ह्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते म्हणून लॅपटॉपला मागचं-पुढचं जोडत बसावं लागत नाही, आणि नुकसान इतकं कमी की डोळ्याला दिसत नाही. पण साधं प्रोरेस ४२२ फुल एचडीला २५ फ्रेमला सुमारे १२२ मेगाबिट खातं, तासाला ५५ जीबी. तुझ्या लॅपटॉपची डिस्क बघता प्रॉक्सीच बरी.

प्रश्न : माझ्याकडच्या हँडीकॅमचं शूटिंग टीव्हीवर छान दिसतं, पण कॉम्प्युटरवर घेतलं की कुणी हात हलवला तर हाताच्या कडेला आडव्या रेघा रेघा येतात. एडिट करून काढल्यावर त्या कायमच्या बसल्यात.
– निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

उत्तर : काका, तुमचा कॅमेरा १०८०आय ५० मध्ये शूट करतो. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं विणलेली असतात, आधी ५४० ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या ५४० ओळी. तेवढ्या वेळात हात सरकलेला असतो, म्हणून रेघा. टीव्ही ही दोन चित्रं वेगळी करून एकामागून एक दाखवतो त्यामुळे तिथे दिसत नाहीत.

आधी डीइंटरलेस करायचं, म्हणजे ती विणलेली दोन चित्रं सुटी करायची, आणि मग लहान-मोठं करायचं, हा क्रम उलटला तर त्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुणालाच सोडवता येत नाहीत. तुमच्या एक्स्पोर्टमध्ये हेच झालं असणार, म्हणून मूळ फाईलवरून पुन्हा करावं लागेल. आणि डीइंटरलेस करताना २५ फ्रेम करू नका, ५० करा, हँडब्रेकमध्ये त्याला बॉब असं नाव आहे आणि त्याबरोबर फ्रेम रेटही ५० ठेवावा लागतो. २५ केलं की हालचालीची अर्धी माहिती टाकून दिल्यासारखं होतं, लहान मुलं पळतायत, नात झोपाळ्यावर आहे, तिथे तो फरक फार जाणवतो. हलताना चित्र मागे-पुढे थरथरायला लागलं तर फील्डची, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची, ऑर्डर उलटी पडलीय असं समजा, एचडी हँडीकॅमला वरची ओळ आधी असते, जुन्या साध्या डीव्ही टेपला खालची.

प्रश्न : सिन्नरला सासूबाईंकडे डीव्हीडी प्लेयर आहे, त्यांना नातवाच्या बारशाचा व्हिडिओ डीव्हीडीवर हवाय. एचडी शूटिंग डीव्हीडीवर टाकलं तर क्वालिटी जाईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : जाईल, आणि त्याला इलाज नाही, डीव्हीडीची चौकटच ७२० बाय ५७६ ची आहे, फुल एचडीच्या एक पंचमांश पिक्सेल. पण सासूबाईंना डीव्हीडीच सोयीची असेल तर जरूर करा, फक्त ती मास्टरवरून करा आणि तासाभराच्या आत बसवा. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराच्या व्हिडिओला सेकंदाला ८ मेगाबिटचा बिटरेट आरामात मिळतो, दोन तास कोंबले तर पाचच्या आसपास येतो आणि मग पाळण्याभोवतीची हलती गर्दी फुटायला लागते. त्यांच्या टीव्हीला यूएसबीची जागा असेल तर एच.२६४ ची एमपी४ फाईल पेनड्राइव्हवर टाकून लावून बघा, रिमोटवर दोनच बटणं दाबायची असतात आणि पूर्ण एचडी दिसतं. काही टीव्हींना फॅट३२ चाच पेनड्राइव्ह कळतो, मग फाईल ४ जीबीच्या आत ठेवावी लागते.

आणि एक विनंती, डीव्हीडी झाली म्हणून कॅमेऱ्यातलं मूळ पुसू नका. हे मी दर वेळी सांगते.

प्रश्न : २००८ च्या सुमारास घेतलेल्या एचडीव्ही कॅमेऱ्याच्या टेपा आहेत. एका दुकानात दिल्या तर त्यांनी डीव्हीडी करून दिल्या, पण चित्र टेपेपेक्षा खूपच हलकं वाटतं.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : वाटणारच. एचडीव्ही टेपेवर १४४० बाय १०८० चं चित्र २५ मेगाबिटने लिहिलेलं असतं, आणि डीव्हीडीवर त्याच्या साधारण पाव पिक्सेल उरले. टेपा अजून तुमच्याकडे आहेत ना, मग काही बिघडलेलं नाही.

टेपेवर आधीच डिजिटल माहिती आहे, ती रेकॉर्ड करायची नसते, उतरवून घ्यायची असते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने घेतलं तर एचडी येणारच नाही. कॅमेऱ्यावर आयलिंक लिहिलेलं छोटं छिद्र असतं, तिथून फायरवायरने घ्यायचं, त्यासाठी फायरवायर कार्ड असलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागेल. आणि ही गोष्ट फार जणांना माहीत नसते, कॅमेऱ्याच्या मेनूत आयलिंक कन्व्हर्ट असं एक सेटिंग असतं, ते चालू राहिलं तर कॅमेरा स्वतःच एचडीचं साध्या डीव्हीमध्ये रूपांतर करून बाहेर देतो. ते बंद करा. तासाची टेप साधारण ११ जीबी होते, आणि ती टेपेवरची हुबेहूब कॉपी असते. दुकानात देणार असाल तर डीव्हीडी नको, फायरवायरने उतरवलेली एम२टी फाईल पाहिजे असं स्पष्ट सांगा, समोरचा काय म्हणतो त्यावरून त्याला काम येतं का ते कळेलच. एडिट करताना माणसं बारीक आणि उंच दिसली तर घाबरू नका, एचडीव्हीचे पिक्सेल आडवे रुंद असतात, प्रोजेक्टमध्ये १६:९ सेट केलं की चेहरे जागेवर येतात.

टेपा मात्र आता उतरवून घ्याच. कॅमेऱ्याचं हेड एकदा गेलं की ते दुरुस्त करणारे मिळणं अवघड झालंय.

प्रश्न : रामकुंडावरची संध्याकाळची गोदाआरती मोबाईलवर शूट केली. काळोखात दाणे दाणे दिसतात, आकाशात पट्टे पट्टे आलेत, आणि एलईडीच्या माळांसमोर चित्रभर सावलीच्या पट्ट्या सरकतात. एआयने एचडी करून देणारं अॅप वापरू का? ४के केलं तर सुधारेल?
– एक वाचक, मेरी

उत्तर : चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस निघत नाही, तसं नुसतं ४के करून नवीन बारीकी येत नाही. एआयची अॅप बारीकी घडवतात, पण ती अंदाजाने घडवतात, आणि लांबच्या लहान चेहऱ्यांवर तो अंदाज कसाही जातो. आरतीचं ताट, दिवे, पायऱ्या ठीक, पण त्या गर्दीत तुमची आई उभी असेल तर तिचा चेहरा तिचाच राहायला हवा. मी घरच्या शूटिंगला हे वापरत नाही. तुम्हाला करायचंच असेल तर कॉपीवर करा.

दाण्यांवर इलाज आहे. एक्स्पोर्टच्या आधी हलकं नॉइज रिडक्शन लावा, अगदी हलकं, कारण दाणे दर फ्रेमला बदलतात आणि एक्स्पोर्टचे निम्मे बिट तेच खाऊन टाकतात, ते कमी झाले की तोच बिटरेट दिव्यांच्या ज्योतींना आणि पाण्यावरच्या चमकेला मिळतो. वरून शार्पनेस मात्र वाढवू नका, आधीच्या कंप्रेशनचे चौकोन उठून दिसतील. आकाशातले पट्टे येतात कारण साध्या ८-बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, आणि मावळतीचं आभाळ फार हळू बदलतं, त्यात तुम्ही काळोख उजळवायला एक्स्पोजर ओढलं की त्या पायऱ्या लांब लांब होऊन दिसायला लागतात. कमी ओढा. थोडासा बारीक ग्रेन, म्हणजे मुद्दाम घातलेले बारीक दाणे, टाकला तर पट्टे झाकले जातात, पण मग बिटरेट चढा ठेवावा लागतो.

सरकत्या पट्ट्या एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत, त्या शूट करतानाच टाळायच्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाईलमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर अडकवून टाका. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केला की २५ फ्रेम निवडता येतात.

प्रश्न : मला एडिटिंग वगैरे काही करायचं नाही, फक्त व्हिडिओच्या पुढचा-मागचा फालतू भाग कापायचाय. त्यालाही क्वालिटी जाते का?
– एक वाचक, महात्मानगर

उत्तर : बरोबर सॉफ्टवेअर वापरलं तर अजिबात नाही. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चित्र उघडून परत दाबत नाही, फाईलचा हवा तेवढा तुकडा उचलून नव्या फाईलमध्ये ठेवतं, म्हणून तासाभराचा व्हिडिओही मिनिटाभरात होतो. अव्हिडेमक्समध्येही व्हिडिओच्या खान्यात कॉपी ठेवलं की हेच होतं. अट एकच, कापाची सुरुवात की-फ्रेमवरच व्हायला हवी, म्हणून तुम्ही ठरवलेल्या जागेच्या अर्धा-एक सेकंद आधीपासून सुरू होईल, तेवढं चालवून घ्या. आणि दोन तुकडे जोडायचे असतील तर दोन्ही एकाच कॅमेऱ्याचे, एकाच सेटिंगचे पाहिजेत, एक मोबाईलचा आणि एक हँडीकॅमचा असं ह्या पद्धतीने जुळत नाही.